अर्ध्या तासाचा ख्याल आणि तीन मिनिटांचं गाणं, मोल सारखंच?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मैफिली, महोत्सव, पुरस्कार याबद्दल पेपरात बरंच छापून येतं, पण शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डिंगच्या बाजारात जे चाललंय त्यावर फारसं कोणी लिहीत नाही. आणि पुढच्या काळात आपल्या कानावर काय पडणार ते तिथेच ठरतंय, म्हणून हे पत्र.

स्पॉटिफायसारख्या इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या (स्ट्रीमिंग) सेवेवर एखादा ट्रॅक ३० सेकंद वाजला की एक प्ले मोजला जातो. त्यापुढे तुम्ही तो तीन मिनिटं ऐका नाहीतर पस्तीस मिनिटं, हिशोबात एकच. गोळा झालेल्या पैशातला वाटा अशा प्लेजच्या संख्येवर ठरतो. आता पाश्चात्त्य संगीतकार बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स घ्या, सुरुवातीची आरिया म्हणजे मूळ धून, तिची ३० वेगवेगळी रूपं म्हणजे व्हेरिएशन्स आणि शेवटी परत आरिया असे अल्बमवर साधारण ३२ ट्रॅक असतात, पियानोवादक ग्लेन गूल्डचं १९५५ चं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकायला जेमतेम ३८ मिनिटं लागतात आणि ३२ प्ले जमा होतात. माहलर या संगीतकाराच्या तिसऱ्या सिम्फनीची (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेची) नुसती पहिली मूव्हमेंटच, म्हणजे पहिला भागच, अर्ध्या तासाच्या वर जाते, तिचा प्ले मात्र एक. आपल्याकडचा विलंबित ख्याल तसाच, गायकाने एकेक स्वर घेत सावकाश बढत केली, अर्धा तास राग उभा केला, आणि बाजाराच्या वहीत त्याची नोंद तीन मिनिटांच्या गाण्याएवढीच. हा सरळसरळ अन्याय आहे असं माझं मत आहे.

याचा परिणाम कलाकारांच्या खिशापुरताच राहत नाही. लहान तुकड्यांना पैसा असला की लेबलं म्हणजे रेकॉर्ड कंपन्या लहान तुकडेच मागणार. झोपेसाठी, अभ्यासासाठी, मन शांत करण्यासाठी म्हणून ज्या प्लेलिस्ट असतात त्यांत सिम्फनीतली एखादी हळू मूव्हमेंट एकटीच काढून ठेवलेली असते, आधी काय होतं, नंतर काय येतं याचा पत्ताच नाही.

बाजाराने संगीताला कात्री लावणं नवीन नाही हे मान्य. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटं मावायची, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनाही तेवढ्यातच राग मांडावा लागला आणि १९१३ मध्ये वाद्यवृंदाचा संचालक (कंडक्टर) आर्थर निकिशने बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर केलेली बीथोव्हनची पाचवी सिम्फनी आठ बाजूंवर विभागून निघाली. पण ती यंत्राची मर्यादा होती, कोणाचा इलाज नव्हता. १९४८ मध्ये एलपी ही जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळायला लागली, १९५५ मध्ये सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांची एलपी निघाली तेव्हा एकेका रागाला पूर्ण बाजू मिळाली, मग १९८२ मध्ये सीडी आली, ७४ मिनिटं सलग. आज तर फाइलला लांबीची मर्यादाच उरलेली नाही, चार तासांचा ऑपेरा सलग ठेवता येतो. यंत्राने इतकी मोकळीक दिलेली असताना पैशाच्या नियमाने पुन्हा तीन मिनिटांकडे ढकलायचं, हे मला पटत नाही.

स्ट्रीमिंगमुळे फायदाही प्रचंड झालाय. हायपेरियन हे ब्रिटिश लेबल वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगपासून लांब राहिलं होतं, २०२३ मध्ये ते युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीने घेतलं आणि त्याचा खजिना सगळ्यांना खुला झाला, त्याच वर्षी स्वीडनचं बिस अॅपलकडे गेलं. पूर्वी ज्या रेकॉर्डिंगची फक्त नावं ऐकायचो ती आता घरी बसून ऐकता येतात, याचा आनंद आहेच. पण स्वतंत्र लेबलं एकेक करून मोठ्यांच्या पोटात जातायत आणि ज्यांचे श्रोते थोडे त्यांचं काय? स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की वर्षभरात हजार प्ले झाले नाहीत तर त्या ट्रॅकला काहीच मिळणार नाही. अप्रसिद्ध संगीतकाराची चार वाद्यांसाठीची रचना (क्वार्टेट), अनवट रागाचं जुनं ध्वनिमुद्रण, कमी ऐकल्या जाणाऱ्या घराण्याचं गाणं, हे सगळं त्यात भरडलं जाणार.

दुसरं दुखणं नावांचं. या अॅप्समध्ये कलाकार, अल्बम आणि गाणं असे रकाने मुळात पॉपसाठी केलेले. सिम्फनीला संगीतकार, कंडक्टर, ऑर्केस्ट्रा, सोलो वादक सगळे लागतात, आणि ख्यालाच्या रेकॉर्डिंगवर तबल्याला कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोण हे कित्येकदा कुठेच सापडत नाही, सीडीच्या पुस्तिकेत निदान ते छापलेलं असायचं. १९०२ मध्ये गायिका गौहरजान कलकत्त्यात रेकॉर्डिंगसाठी गायली तेव्हा गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, ते आजही त्या तबकडीवर ऐकू येतं. सव्वाशे वर्षांनंतर साथीदाराचं नाव लिहायला जागा नाही म्हणजे काय!

आणि हे बदलणं अशक्य नाहीये. प्रायमफोनिक आणि आयडॅजिओ या फक्त शास्त्रीय संगीतासाठी निघालेल्या सेवांनी किती सेकंद ऐकलं त्यावर पैसे वाटून दाखवलेत. प्रायमफोनिक २०२१ मध्ये अॅपलने विकत घेऊन बंद केलं, मग २०२३ मध्ये अॅपल म्युझिक क्लासिकल आलं, त्यात संगीतकार, रचना, कंडक्टर यांवरून शोधता येतं. म्हणजे वेळ मोजताही येतो आणि नावं नीट लावताही येतात. मग सगळ्याच सेवांनी ऐकलेल्या वेळेवर पैसे द्यावेत, आणि वादकांची पूर्ण नावं दिल्याशिवाय लेबलांनी रेकॉर्डिंग चढवूच नये, ही मागणी श्रोत्यांनी आणि कलाकारांनी लावून धरायला हवी. तोपर्यंत जे आवडलं ते शक्य असेल तर विकत घ्यावं, कलाकाराकडून थेट किंवा बँडकॅम्पसारख्या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर, तिथे पैशाचा मोठा भाग त्यांच्यापर्यंत पोचतो.

आपल्या पेपरालाही एक विनंती आहे. नव्या अल्बमबद्दल लिहाल तेव्हा मुख्य कलाकाराच्या फोटोबरोबर साथीदारांची नावं, लेबल, रेकॉर्डिंगचं वर्ष आणि ते विकत कुठे मिळेल एवढ्या चार गोष्टी चौकटीत छापाल का?

आपला,
एक नियमित वाचक