द्राक्षमळ्यातली मराठी वायनरीच्या दारात का थांबते?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही इंदूरच्या पाच मैत्रिणी, सगळ्या साठी उलटलेल्या, नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात एक दिवस काढून तीन वायनऱ्या, म्हणजे वाइन बनवण्याचे कारखाने, पाहून आलो. सहल आनंदाची झाली. तरीही त्या दिवसातली एक गोष्ट अजून मनातून जात नाही, आणि ती आपल्या वाचकांपुढे, विशेषतः नाशिककरांपुढे मांडावी असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. ज्या मळ्यात पहाटेपासून प्रत्येक काम मराठीत चालते, त्याच मळ्याला लागून असलेल्या इमारतीत पाहुण्यांना माहिती देण्याची वेळ आली की मराठी दाराबाहेरच राहते.

इंदूरहून नाशिक चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. महू, मानपूर, खलघाटचा नर्मदेवरचा पूल आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट ओलांडला की शिरपूर-धुळ्याकडे दुकानांच्या पाट्या मराठी दिसू लागतात. आम्हां इंदूरकर मराठी माणसांना त्या पाट्या वाचताना काय वाटते, हे महाराष्ट्रात जन्म काढलेल्यांना कदाचित सांगून कळणार नाही. आमच्या शहरात बँकेत, बाजारात, रिक्षात सगळा व्यवहार हिंदीतून होतो. मराठी टिकते ती घरात, गणेशोत्सवात आणि मंडळांच्या कार्यक्रमांत, आणि तिथेही नातवंडांशी बोलताना ती जपून, आठवण ठेवून वापरावी लागते. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. आम्ही गाडी थांबवून तो पाहिला आणि आपल्याच गावाचा एक तुकडा इथे ठेवला आहे असे आम्हां पाचजणींना वाटले. पुढे पिंपळगाव बसवंतपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा सुरू झाल्या. रात्री एका मैत्रिणीच्या बहिणीकडे नाशकात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बाहेर पडलो.

पहिल्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा तोडणी चालू होती. उन्हे चढण्याआधी घड काढले की ते थंड राहतात आणि वाटेत आपोआप आंबायला लागत नाहीत, म्हणून हे काम पहाटेच सुरू होते. बांधावर उभ्या राहून पाहणाऱ्या आम्हांला तोडणीच्या बायकांपैकी एकीने हाक मारून जवळ बोलावले आणि कात्रीने एक लहानसा काळा घड काढून हातात दिला. मणी करवंदाएवढे, दाटीवाटीने बसलेले. तोंडात टाकले तर साल जाड, आत दोन-तीन बिया आणि गोडी इतकी की बोटे चिकटली. "ही खायाची नाही ताई, वाइनची हाये," ती हसून म्हणाली. मग तिनेच सांगितले, की खायच्या द्राक्षाला विरळणी करतात, औषधात घड बुडवतात, मणी फुगवतात. या द्राक्षाचा मणी बारीकच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो आणि मणी बारीक असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. तेवढ्यात तिथले मुकादम आले. त्यांनी एका मण्याचा रस छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्राच्या काचेवर पिळला, ते आकाशाकडे धरून डोळ्याला लावले आणि "साखर तेवीस" असे म्हणून यंत्र माझ्या हातात दिले. आतल्या मोजपट्टीवर निळ्या-पांढऱ्याची सीमा बरोबर तेविसावर होती.

मी बत्तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्या बांधावर अर्ध्या तासात जे ऐकले, ते एखाद्या चांगल्या तासापेक्षा कमी नव्हते. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते, म्हणून तिथे वर्षातून एकदाच छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ घ्यायचे, हे मुकादमांनी ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, बोट ठेवून दाखवले. गोडी छाटणीनंतर पाऊस आला तर डावणी रोग, ढगाळ हवा राहिली तर भुरी रोग. काडी, डोळा, ओलांडा, खुंट, घड, मणी, विरळणी, अशा शब्दांनी ही शेती नखशिखांत मराठी झालेली आहे, आणि हे शब्द कोणत्या समितीने बसून घडवलेले नाहीत. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांच्या दोन-तीन पिढ्यांनी ते कामातून रुळवले आहेत.

याच मळ्यातून उठून आम्ही दुपारी दुसऱ्या वायनरीत गेलो. तिचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीपुरती नाही. पैसे भरून माहितीच्या फेरीत सामील झालो. आमच्या तुकडीत वीसेकजण होते. त्यांतले तिघे सोडले तर बाकी सगळे आपसांत मराठीच बोलत होते, कोणी पुण्याचे, कोणी संगमनेरचे, एक जोडपे जळगावचे. माहिती सांगणारा तरुण पंचविशीचा असेल. त्याने पोलादी टाक्यांपाशी उभे राहून अस्खलित इंग्रजीत सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तो इंग्रजीतच बोलला. माझ्या दोन मैत्रिणी पहिल्या पाच मिनिटांतच मागे सरकल्या आणि भिंतीवरची छायाचित्रे पाहू लागल्या. मी त्याला विनंती केली, "थोडे मराठीतही सांगाल का?" तो ओशाळला. म्हणाला, "आम्हांला इंग्रजीतच पाठ करून दिलंय, मॅडम. मध्ये मराठीत बोललो तर वेळेत बसत नाही."

या तरुणाला मी मुळीच दोष देत नाही. फेरी संपल्यावर तो आपण होऊन आमच्यापाशी आला. तो निफाड तालुक्यातला, घरची दोन एकर द्राक्षबाग असलेला. मग त्याच टाकीजवळ उभे राहून त्याने मराठीत सांगितले: लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात, तेव्हा आत तयार होणाऱ्या वायूने साली वर ढकलल्या जातात आणि त्यांचा जाड थर तरंगतो, तो थर वरून सुकला तर माल बिघडतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा खालचा रस वर ओतून साली भिजवत राहायच्या, पांढऱ्या वाइनला मात्र आधी द्राक्षे पिळून साल बाजूला काढायची आणि नुसता रस थंड टाकीत सावकाश आंबवायचा, म्हणजे फळाचा वास उडून जात नाही. छायाचित्रांपाशी गेलेल्या माझ्या मैत्रिणी परत आल्या, त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले, आणि जळगावचे जोडपेही येऊन उभे राहिले. जो मुलगा इंग्रजीत पाठ केलेले म्हणून दाखवत होता, तोच मराठीत हातवारे करून समजावत होता. ज्ञान त्याच्यापाशी होतेच. ते त्याच्या भाषेत सांगण्याची मुभा त्याला नव्हती, एवढेच.

चव घेण्याच्या टेबलावर हेच पुन्हा झाले. समोर ठेवलेल्या कागदावर सगळे वर्णन इंग्रजीत होते, आणि तेही अशा फळांचे की जी आमच्यापैकी बहुतेकींनी कधी पाहिलेलीही नाहीत. आमच्यातल्या एकीने सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा पेला नाकाशी नेला आणि क्षणात म्हणाली, "अगं, हा तर अर्धवट पिकलेल्या पेरूचा वास!" तो मघाचा तरुण चकित झाला, कारण या वाइनमधला पेरूचा वास जाणकारही ओळखतात. शिराज या लाल वाइनमध्ये तिला मिरे सापडले. टॅनिन म्हणजे काय, असे दुसरीने विचारले, तेव्हा मी तिला जांभूळ आठवायला सांगितले: कच्चट जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते आणि गालांची आतली बाजू ओढल्यासारखी वाटते, तोच हा तुरटपणा. तिला लगेच समजले. पेरू, मिरे, जांभूळ हे शब्द त्या कागदावर का नसावेत?

यात नुसता भाषेच्या अभिमानाचा प्रश्न नाही, आणि हे मला आग्रहाने सांगायचे आहे. आमच्यातली जी मैत्रीण गाडी चालवत होती, तिने दिवसभर एक थेंबही घेतला नाही. पण शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी तिला विचारले, की या वाइनीत दारू असते ती किती असते, कारण त्यांनाही रात्री गाडी चालवायची होती. कागदावर "एबीव्ही १३.५" एवढेच छापलेले होते. शंभर मिलिलिटर वाइनमध्ये साडेतेरा मिलिलिटर अल्कोहोल असते, असा त्याचा अर्थ आहे, आणि तो कोणीही त्यांना मराठीत सांगितलेला नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे चालकाच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. द्राक्षाचे पेय म्हणजे जणू सरबतच, असा समज घेऊन येणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वाइन ही दारूच आहे आणि ती घेऊन गाडीला हात लावायचा नाही, हे वाक्य तरी येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत ऐकू आले पाहिजे.

मुंबईचे आणि परदेशी पाहुणे येतात म्हणून इंग्रजी लागते, हे मला मान्य आहे. इंग्रजी काढून टाका असे मी म्हणत नाही. परंतु या धंद्याचा इतिहास पाहिला तर तो इथल्याच माणसांनी उभा केला आहे. नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात वाइन बनवायला घेतली. गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी सुला या वाइन कंपनीच्या वेली लावल्या आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले, ते इथल्या बागायतदाराच्या मालाला दुसरी बाजारपेठ मिळावी म्हणून. २००८ नंतरच्या मंदीत वाइनचा खप घटला, तेव्हा वाइनची द्राक्षे लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या. ती झळ सोसली ती मराठी कुटुंबांनीच. आज "नाशिक व्हॅली वाइन" या नावाला भौगोलिक मानांकन आहे. ज्या भूमीच्या नावाने बाटली विकली जाते, त्या भूमीच्या भाषेला बाटलीजवळ उभे राहण्याचा हक्क आहे.

मराठीत यासाठी शब्द नाहीत, असे मला नाशकातच एका सुशिक्षित गृहस्थांनी ऐकवले. ते ऐकून वाईट वाटले. आपल्या आजी-पणजींच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली असे. आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी वैद्य धायटीची फुले वापरत आले आहेत, आणि त्या सगळ्या प्रक्रियेला संधान असा सुरेख शब्द आहे. आंबवणे, फसफसणे, निवळणे, मुरणे हे शब्द तर प्रत्येक स्वयंपाकघरात आहेत. टाकीत गाळ खाली बसून वाइन स्वच्छ होते त्याला "निवळते" म्हटले आणि ओकच्या लाकडी पिंपात ती महिनोन्महिने राहते त्याला "मुरते" म्हटले, तर कोणत्या मराठी माणसाला ते कळणार नाही? यीस्ट, टॅनिन, सोव्हिन्यों ही नावे आहेत तशी राहू द्यावीत. ती देवनागरीत लिहिली की पुरे.

हेही नमूद केले पाहिजे, की तीनपैकी शेवटच्या ठिकाणी आम्ही नुसते विचारताच तिथल्या मुलीने सगळी फेरी मराठीत घेतली आणि तुकडीतल्या दोन दाक्षिणात्य पाहुण्यांसाठी मधूनमधून इंग्रजीत सारांश सांगितला. वेळ दहा मिनिटे जास्त लागला. कोणाचीही तक्रार नव्हती. म्हणजे हे अशक्य नाही आणि खर्चाचेही नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्ही इंदुरातही पेढे वाटले होते. त्या आनंदाला धरून नाशिकच्या वायनरीचालकांना माझी विनंती आहे, की दिवसातली निदान एक फेरी मराठीत ठेवावी आणि तिची वेळ दारावर लिहावी. चव घेताना देतात तो कागद देवनागरीतही छापावा आणि त्यावर अल्कोहोलचे प्रमाण व वाहन चालवण्याबद्दलची सूचना सर्वांत वर, ठळक असावी. आणि मळ्याच्या बाजूने जाणाऱ्या वाटेवर खरड छाटणी, गोडी छाटणी, भुरी, डावणी यांची चार साधी फलके लावावीत. मजकूर तपासून घ्यायचा असेल तर पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि द्राक्ष बागायतदार संघ ही जाणकार मंडळी आहेतच. पर्यटन खात्यानेही नाशिकच्या द्राक्षपट्ट्याची जाहिरात करताना हा मुद्दा लक्षात घ्यावा.

चव घेण्याच्या कागदाचा एक मराठी नमुना मी स्वतः तयार केला आहे. दोन पाने आहेत. ज्या वायनरीला हवा असेल तिला तो मी विनामूल्य देईन, त्यात हवे ते बदल करावेत, माझे नाव घालण्याची गरज नाही. जानेवारीत पुन्हा तोडणी सुरू झाली की आम्ही येणार आहोत. या वेळी आठजणी आहोत, आणि आमच्यातल्या दोघींच्या सासूबाईही मळा पाहायला येणार आहेत. त्या दोघींना इंग्रजी येत नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
इंदूर