'समाधानकारक' म्हणजे कोणाचं समाधान?

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य
साहेब, नमस्कार.

मी गोवंडीचा. थंडीत सकाळी खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवलं की काळं होतं, आणि आईचा दम्याचा पंप कायम उशाशी. परवा मोबाईलवर हवेचा आकडा बघितला, पीएम २.५ (म्हणजे फुफ्फुसात खोल जाणारे बारीक कण) चोवीस तासांची सरासरी एका घनमीटर हवेत ५५ मायक्रोग्रॅम, रंग पोपटी, शेरा 'समाधानकारक'. आई म्हणाली, कोणाचं समाधान रे?

आपल्याकडे चोवीस तासांची मर्यादा २००९ पासून ६० आहे, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ सांगते. फुफ्फुसं तर सगळ्यांची सारखीच ना? कण किती आणि त्याने दमा किती वाढतो हे सायन्स सांगतं, पण किती वाढलेला चालेल, कोणाचा चालेल आणि त्या बदल्यात बांधकामं-कारखान्यांना किती सूट द्यायची हे कुठलंच मशीन सांगत नाही, ते माणसं ठरवतात.

मर्यादा दिल्लीत ठरते, माहितीये. पण प्रदूषणावरच्या जनसुनावण्या तर इथेच होतात ना. मागे एकीत शेजारच्या काकूंनी नेमकं हेच विचारलं, तर स्टेजवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, हा टेक्निकल विषय आहे." काकू गप खाली बसल्या.

रिचर्ड रडनर नावाच्या तत्त्वज्ञाने १९५३ मध्येच लिहून ठेवलंय की पुरावा कधीच शंभर टक्के नसतो, मग किती पुरावा पुरे हे चूक झाली तर काय होईल यावर ठरतं. औषधात विष नाही म्हणायला जेवढी खात्री लागते तेवढी पट्ट्याची बक्कलं चांगली आहेत म्हणायला लागत नाही. म्हणजे मूल्यं सायन्सच्या आतच बसलेली आहेत. आता हवेत चूक झाली तर मरणार कोण? आम्ही. मग आम्हाला विचारायला नको?

याचा अर्थ उद्या कोणी उठून धूप जाळल्याने हवा साफ होते म्हणावं आणि त्यावर हात वर करून मतदान घ्यावं असा नाही हां. कण मशीनच मोजणार. (मशीन कुठे लावायचं हे मात्र आम्हालाही विचारा, आमच्या गल्लीत तरी मला एकही दिसलेलं नाही.)

तर साहेब, पुढची सुनावणी रविवारी ठेवा, मराठीत घ्या, आणि अंदाज चुकला तर भोगणार कोण हे आधी फाईलवर लिहा. काकू येणार आहेत, माईक त्यांच्याकडे द्या.

आपला,
गोवंडीचा एक मतदार