लाँग रॉडची पेटी भरायची आहे: जुने रॉड, सुटी वजनं आणि तुमच्या काही संध्याकाळी द्या

सप्रेम नमस्कार.

मागच्या स्पर्धेत आमच्या धनुर्विद्या वर्गातल्या दोन मुली एकाच लाँग रॉडवर (धनुष्याच्या पुढे लावायचा, तोल धरणारा लांब दांडा) खेळल्या. एक एबी गटात, दुसरी सीडी गटात; हे गट रेषेवर पाळीपाळीने येतात. पहिलीने सहा बाण सोडायचे, रेषेवरून मागे यायचं, रॉड फिरवून काढायचा आणि दुसरीच्या हातात द्यायचा. तोवर दुसऱ्या गटाला रेषेवर बोलावणाऱ्या दोन शिट्ट्या झालेल्या असायच्या. रेषेवर जाऊन उभं राहायला दहा सेकंद, मग एक शिट्टी, की वेळ सुरू. दुसरी चालता चालता रॉड आवळायची. चौथ्या फेरीत तो पुरता आवळला गेला नाही. तिसरा बाण सुटला तशी खडखड झाली, तिने धनुष्य खाली घेतलं, रॉड घट्ट केला आणि उरलेले तीन बाण घाईने सोडले. पहिलीची गोष्ट आम्हाला परतताना कळली, तीही तिनेच सांगितली म्हणून. मैत्रिणीला उशीर होऊ नये यासाठी ती प्रत्येक फेरीतले शेवटचे दोन बाण क्लिकर (दोरी पुरती ओढली की टक् करणारी पट्टी) वाजायची वाट न बघताच सोडत होती.

त्या दिवशी दोघींपैकी कुणीही तक्रार केली नाही. पण आमच्या मनातून ते जाईना, आणि म्हणून हे आवाहन.

आम्हाला वर्गासाठी लाँग रॉडची एक पेटी उभी करायची आहे. वेगवेगळ्या लांबीचे रॉड, सुटी वजनं, काही डँपर (थरथर शोषणारे रबरी जोड). मुलाने किंवा मुलीने त्यातला एक रॉड न्यायचा, तीन-चार आठवडे आपल्या धनुष्यावर लावून बघायचा, जमला नाही तर परत ठेवून दुसरा न्यायचा. जमलेला सापडला की तो हंगामभर त्या मुलाकडेच राहील. सध्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) खेळणारी सोळा मुलं आहेत आणि वर्गाच्या मालकीचे रॉड पाच. त्यातल्या एकाचे आटे इतके झिजलेत की तो फक्त घरच्या सरावाला देतो.

थेट प्रत्येक मुलाला एकेक नवा रॉड घेऊन देण्यासाठी पैसे का मागत नाही, असं काही पालकांनी विचारलं. त्याचं उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागेल, कारण रॉड कसा निवडायचा हे कळल्याशिवाय पेटीची गरज कळणार नाही.

घरात हातोडा असेल तर त्याचा दांडा टोकाला धरून मनगट डावी-उजवीकडे झटकून बघा. मग तोच हातोडा त्याच्या लोखंडी डोक्यापाशी धरून तसंच करा. वजन तेवढंच आहे, पण पहिल्या वेळी तो मनगटाचं पटकन ऐकत नाही. लाँग रॉडचं मुख्य काम हेच. रिलीज झाल्यापासून, म्हणजे बोटांतून दोरी सुटल्यापासून, बाण दोरीतून बाहेर पडेपर्यंतच्या त्या निमिषात बोटं आणि पंजा जी बारीक ओढाताण करतात, ती धनुष्याने ऐकू नये. वजन हातापासून दुप्पट लांब नेलं तर धनुष्याचा हा हट्ट चौपट होतो. आणि हा हट्ट किती मोलाचा आहे ते आकड्यावरून कळतं: 70 मीटरवर लावलेल्या 122 सेंटीमीटरच्या टार्गेटमध्ये दहाचं वर्तुळ 12.2 सेंटीमीटरचं असतं. बरोबर मधोमध जाणारा बाण त्याच्या कडेपर्यंत सरकायला एका अंशाचा विसावा भाग पुरतो. तेवढं पंज्याच्या बोटांतून कधी होऊन जातं हे मोठ्या खेळाडूलाही समजत नाही, बारा वर्षांच्या मुलाला कुठून समजणार?

‘पूर्वी रॉड नव्हते, तरी नेम लागायचेच की,’ असंही एक आजोबा म्हणाले. खरं आहे. अमेरिकेतल्या अर्ल हॉइट यांनी स्टॅबिलायझर (तोल धरणारे रॉड) लावलेली धनुष्यं 1961 च्या सुमारास बाजारात आणली, त्याआधीही लोक उत्तम खेळत होते. पण आज शेजारच्या टार्गेटवर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाच्या धनुष्यावर रॉड असताना आपल्या मुलीला त्याच्याविना उभं करणं आम्हाला पटत नाही.

मग लांबात लांब आणि जडात जड रॉड सगळ्यांना देऊन टाकावा, असं वाटेल. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ते खोडून काढलं ते एका मुलीने. अंगकाठी बारीक, धनुष्य ओढायला 20 पाउंडाचं. एका मोठ्या खेळाडूने कौतुकाने तिला आपला 30 इंची रॉड वापरायला दिला, पुढे लावलेल्या पाच वजनांसकट. पहिल्या फेरीत बाण इतके जवळ बसले की नॉक (बाणांच्या मागच्या खाचा) एकमेकांना घासले. मैदानावर सगळे खूश. चौथ्या फेरीपासून साइटची (नेम धरायच्या साधनाची) पिन हळूहळू खाली उतरायला लागली. पिन वर आणण्यासाठी ती मुलगी पुढचा खांदा उचलत होती, आणि आठव्या फेरीपर्यंत तो खांदा जवळजवळ कानाला टेकला. बाण खाली जात होते ते वेगळंच, खांदा उचलायची ती सवय मोडायला आम्हाला पुढे दोन महिने लागले.

आम्ही वजनं एकेक करून काढली, मग रॉडही बदलला. शेवटी ती स्थिरावली ती 26 इंची रॉड आणि पुढे दोन वजनं यांवर. पिन तेव्हाही हलत होती, पण एका जागी हलत होती. पिन अशी गोल घुटमळत असेल तर चालतं, मुलं त्यातून नीट बाण सोडायला शिकतात. ती एकाच दिशेने, बहुधा खाली, सरकत असेल तर पुढचं वजन जास्त झालं. आणि सारखी झटके खात असेल तर वजन कमी पडतंय, एखादं वाढवून बघावं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: लांबी तरी किंवा वजन तरी. बघायची ती शेवटची फेरी. पहिल्या फेरीत कुठलाही रॉड चांगलाच वाटतो.

आकड्यांत सांगायचं तर असं. 26 इंचाऐवजी 30 इंचाचा रॉड घेतला, टोकाला वजन तेच ठेवलं, तर त्या वजनामुळे मिळणारा ठामपणा साधारण सव्वा ते दीडपटीच्या मध्ये वाढतो. पण नळी तीच असेल तर तिचं टोक दीडपट जास्त लवतं, आणि बाण सुटल्यावर ते थरथरत राहतं. शिवाय 70 मीटरच्या एका क्वालिफिकेशन राउंडला 72 बाण असतात, सरावाचे धरले तर धनुष्य शंभरेक वेळा उचलावं लागतं. पुढे 200 ग्रॅम जास्त लावले तर त्या दिवसाचे 20 किलो जास्त उचलले गेले, आणि तेही हातभर लांबीच्या दांड्याच्या टोकावर. मोठा माणूस ते पेलतो. वाढत्या वयातल्या खांद्याकडून आम्हाला ते करून घ्यायचं नाही.

आता अडचण लक्षात येईल. हे सगळं दुकानात उभं राहून कळत नाही. रॉड हातात घेऊन तोलला, छान वाटला, म्हणून घेतला आणि महिन्याने तो खुंटीला लागला, असं आमच्या तीन-चार घरांत झालं आहे. मुलं वाढतात, धनुष्याचं पाउंडेज वाढतं, आज जमलेला रॉड वर्षाने तोकडा पडतो. त्या मुलीलाही तिचा 26 इंची रॉड महिनाभरच मिळाला. तो उसना होता, परत करावा लागला. म्हणून पेटी.

तर तुमच्याकडून काय हवं आहे ते सांगतो.

तुम्ही स्वतः कधी धनुर्विद्या खेळला असाल, किंवा घरात कुणी खेळून सोडून दिली असेल, तर कपाटाच्या मागे, माळ्यावर एखादा रॉड नक्की पडलेला असेल. तो द्या. सर्वांत जास्त निकड आहे ती 24 ते 28 इंचांच्या हलक्या कार्बन रॉडची. 30 इंचीही चालतील, आमची पाच-सहा मुलं आता त्या लांबीला आली आहेत. कम्पाउंडसाठीचे (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचे) जाड, ताठ रॉड आले तर आनंदाने घेऊ, पण उघड्या मैदानावर रिकर्व्हच्या लहान मुलांना ते फारसे उपयोगी नाहीत. जाड नळी वारा जास्त अडवते, आणि आडव्या वाऱ्यात पिन धरून ठेवणं मुलांना जड जातं. ॲल्युमिनियमचे जुने रॉडही आणा, सरळ असतील तर नव्या मुलांचे पहिले महिने त्यावर छान जातात.

एक कळकळीची विनंती: रॉडबरोबर त्याची वजनं द्या. धनुष्याच्या बाजूचे आटे जवळपास सगळीकडे सारखेच असतात, 5/16 इंच जाडीचे आणि इंचाला 24. वजनांच्या टोकाला मात्र तसं नाही. काहींना तेच आटे, काहींना पाव इंच जाडीचे आणि इंचाला 20. वजनं मागे राहिली तर आलेला रॉड आमच्याकडे नुसता ठेवून द्यावा लागतो.

आणि रॉड देण्याआधी कृपया एकदा उजेडात धरून त्याच्या लांबीवरून नजर फिरवा. कार्बनच्या नळीला बारीक चीर असेल, टोकाशी तंतू सुटलेले असतील तर तो देऊ नका, त्याची कूस बोटात शिरली की काढताना मुलं रडतात. टोकाचा धातूचा तुकडा हाताने फिरवून बघा. आमच्याकडे एकदा एक सुंदर दिसणारा रॉड आला. त्यावर खेळणाऱ्या मुलाचं धनुष्य प्रत्येक बाणाला गुणगुणायचं. आम्ही लिंब (धनुष्याचे लवणारे बाहू) तपासले, दोरीच्या पिळांची संख्या बदलली, साइटचे स्क्रू आवळले, आरो रेस्ट (बाण टेकवायचा आधार) बदलली. पंधरा दिवस गेले. शेवटी एका पालकाने रॉड काढून कानाशी हलवला. आतला डिंक सुटला होता आणि तो धातूचा तुकडा केसभर हलत होता. इपॉक्सी लावून तो बसवला, रॉड आजही वापरात आहे. तेव्हा असा सैल तुकडा असेल तर रॉड खुशाल द्या, फक्त चिठ्ठी लावून सांगा.

साइड रॉड, व्ही-बार, एक्स्टेंडर असे रॉडला जोडायचे भाग आले तर ठेवून घेऊ, पण त्यांची घाई नाही. आधी पुढचा तोल जमू दे. आमच्यातली जी चार मुलं बेअरबो (साइट आणि रॉड नसलेलं धनुष्य) खेळतात त्यांना रॉड चालतच नाही. त्यांचं दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडसामानासकट 12.2 सेंटीमीटरच्या कड्यातून पार व्हावं लागतं. त्यांच्यासाठी रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) खाली लावायची वजनं मिळाली तर फार बरं होईल.

लेथवर काम करणाऱ्या कुणा कारागिराने ही हाक ऐकावी अशी मनापासून इच्छा आहे. 25 मिलिमीटर व्यासाच्या स्टेनलेस स्टीलच्या सळईची 8 मिलिमीटर जाडीची चकती कापली, मधे आट्यांचं छिद्र पाडलं, की ती जवळजवळ 28 ग्रॅमची, म्हणजे एका औंसाची होते. अशा साठ चकत्या झाल्या तर सगळ्या मुलांना एकेक औंसाने वजन कमी-जास्त करून बघता येईल. सळई आम्ही आणून देऊ. मोजमापाचा नमुना म्हणून एक चांगलं वजनही देऊ.

ज्यांच्याकडे सामान नाही आणि पैशाने मदत करायची आहे, त्यांची रक्कम डँपर आणि क्विक डिस्कनेक्ट यांवरच खर्च होईल. डँपरचं रबर उन्हात वाळून तडकतं आणि वजन सुटून पडतं, म्हणून ते जुनं घेण्यात अर्थ नाही. क्विक डिस्कनेक्ट हवं ते त्या दोन मुलींसाठी: पेटी भरेपर्यंत त्यांना एखादी स्पर्धा पुन्हा एका रॉडवर काढावी लागली, तर अर्धं वळण दिलं की रॉड निघेल आणि बसेल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशोब मैदानावरच्या फलकावर लावला जाईल.

शेवटचं मागणं वेळेचं. रॉड बदलून बघताना मुलामागे कुणीतरी उभं राहून खांद्याकडे लक्ष द्यावं लागतं, कितव्या फेरीला तो उचलला जातो ते वहीत लिहावं लागतं. दोन प्रशिक्षकांना सोळा खांदे दिसत नाहीत. जुन्या खेळाडूंनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी पुरे. खेळ न आलेल्या पालकांनाही हे जमतं, आम्ही दहा मिनिटांत शिकवू.

सामान रोज संध्याकाळी सरावाच्या वेळी मैदानावर, सामानाच्या खोलीत स्वीकारलं जाईल. एवढ्या लांब येणं जमत नसेल तर वर्गातल्या कुठल्याही मुलाजवळ निरोप द्या, आम्ही घरी येऊन घेऊन जाऊ. पेटी एका पालकाने जुन्या फळ्यांतून करून दिली आहे. आत बारा खाचा आहेत, प्रत्येक खाचेशेजारी लांबी आणि वजन पेन्सिलने लिहायला जागा सोडली आहे. आजच्या घडीला त्यातल्या दोन भरल्या आहेत.

आपले,
धनुर्विद्या वर्गाचे प्रशिक्षक आणि पालक