क्वांटम डॉट वेव्हगाइडच्या टिकाऊपणासाठी : विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

विषय : क्वांटम डॉट व पॉलिमर वेव्हगाइडच्या दीर्घकालीन चाचण्यांसाठी स्वतंत्र तरतूद करण्याबाबत.

सादर नमस्कार.

फोटॉनिक चिपच्या, म्हणजे विजेऐवजी प्रकाशाने माहिती वाहून नेणाऱ्या चिपच्या, संशोधनाला आपल्या खात्याकडून निधी मिळतो, याबद्दल आम्ही संशोधक कृतज्ञ आहोत. मात्र हा निधी उपकरणातून पहिल्यांदा प्रकाश बाहेर पडेपर्यंतच पुरतो आणि ते उपकरण किती काळ टिकते हे पाहण्याची वेळ येते तेव्हा प्रकल्पाची मुदत संपलेली असते. ही त्रुटी दूर व्हावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

सिलिकॉन प्रकाश उत्तम वाहून नेतो, पण त्याच्या इलेक्ट्रॉनिक रचनेमुळे तो स्वतः प्रकाश फारसा देऊ शकत नाही. म्हणून प्रकाशाचा स्रोत दुसऱ्या अर्धवाहकावर घडवून चिपला जोडावा लागतो आणि ते काम खर्चिक व किचकट असते. क्वांटम डॉट म्हणजे साधारण 2 ते 10 नॅनोमीटर आकाराचे अर्धवाहक स्फटिक. ते द्रावणात तयार करता येतात आणि त्यांचा आकार बदलला की प्रकाशाची तरंगलांबी बदलते. कॅडमियम सेलेनाइडचे कण दृश्य प्रकाश देतात, तर लेड सल्फाइडचे कण दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या 1300 ते 1550 नॅनोमीटरच्या पट्ट्यापर्यंत पोहोचतात. हे कण एसयू-8 सारख्या पॉलिमरमध्ये मिसळायचे, फिरत्या चकतीवर त्याचा पातळ थर द्यायचा आणि अतिनील प्रकाशाने काही मायक्रोमीटर रुंदीच्या वाटा कोरायच्या. प्रकाश वाहून नेणाऱ्या या वाटा म्हणजेच वेव्हगाइड. पॉलिमरचा अपवर्तनांक 1.5 ते 1.6 आणि खालच्या सिलिकाचा सुमारे 1.45 असल्याने प्रकाश आतच राहतो. सारी प्रक्रिया 200 अंश सेल्सिअसच्या आत आटोपत असल्यामुळे आधीच तयार असलेल्या इलेक्ट्रॉनिक चिपवरही ती करता येते.

अडचण पुढे येते. निळ्या लेझरखाली ठेवलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर वेव्हगाइडमधून एक बारीक लाल रेघ धावताना दिसते आणि लांबीनुसार ती किती वेगाने मंदावते त्यावरून प्रकाशाचा ऱ्हास मोजता येतो. ज्या जागी कणांचे पुंजके झालेले असतात, तिथे ठळक ठिपके चमकतात. म्हणजे तिथून प्रकाश बाहेर विखुरतो आहे. लेझर तसाच चालू ठेवला की ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागावर परिणाम करू लागतो आणि रेघ हळूहळू विझत जाते. असे का व कोणत्या क्रमाने घडते, हे समजण्यासाठी एकाच नमुन्यावर दीर्घकाळ नजर ठेवावी लागते, आणि नेमके तेच काम आज कोणाच्याही अनुदानात बसत नाही.

1966 मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले की काचेच्या तंतूतील प्रकाशाचा ऱ्हास मुख्यतः अशुद्धींमुळे होतो. तो काचेचा अंगभूत दोष नाही. ऱ्हास किलोमीटरमागे 20 डेसिबलच्या खाली आणता आला तर संदेशवहन शक्य होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने तो टप्पा गाठला. ज्याला टाकाऊ समजले जात होते, त्या माध्यमातील दोष चिकाटीने शोधले गेले म्हणून आजचे इंटरनेट उभे आहे. क्वांटम डॉटच्या शोधाला व निर्मितीला 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या कणांना वेव्हगाइडमध्ये टिकवण्याच्या कामाला तशीच चिकाटी हवी आहे.

म्हणून विनंती अशी की प्रत्येक मंजूर प्रकल्पात मुदतीचा व निधीचा ठरावीक वाटा चाचण्यांसाठी राखीव असावा. 85 अंश तापमान व 85 टक्के आर्द्रतेत 1000 तास ही उद्योगातील रूढ चाचणी जवळपास सहा आठवडे अखंड चालते; तिच्यासाठी सामाईक सुविधा आणि ती चालवणारे कायमस्वरूपी तंत्रज्ञ लागतात. यंत्रे विकत घेण्यास मंजुरी सहज मिळते, ती चालवणाऱ्या माणसांच्या पदांना मिळत नाही, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. निकामी झालेल्या नमुन्यांच्या नोंदीही सर्वांना खुल्या कराव्यात, म्हणजे एकच चूक दहा ठिकाणी होणार नाही. कॅडमियम व शिसे विषारी असल्याने इंडियम फॉस्फाइड आणि इंडियम आर्सेनाइडच्या कणांचीही याच कसोटीवर तुलना व्हावी.

प्रस्ताव मागवण्याच्या पुढील सूचनेत ‘उपकरणाची टिकाऊपणा चाचणी : कालावधी व खर्च’ असा एक रकाना अनिवार्य करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक फोटॉनिक्स संशोधक