भूल देणाऱ्या मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. मिरजेत आईच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला भूल तुम्ही दिलीत, एवढी ओळख पुरे. पेढे सर्जनच्या केबिनमध्ये जातात; बिलावर तुम्ही 'भूल' या एका शब्दात मावता. म्हणून हे पत्र जाहीर.

सहा वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला, दुसऱ्या गावात. पहिल्या दोन रात्री आईने पलंगाची कड धरून काढल्या. इंजेक्शन दिलं की उलट्या नि गुंगी, उतरलं की कळा. फिजिओथेरपीवाला दिसला की ती भिंतीकडे तोंड करायची, आणि तो गुडघा काही पुरता वाकला नाही. डाव्याचं नाव काढलं की म्हणायची, "लंगडत मरेन."

तुम्ही आदल्या संध्याकाळी तिच्याजवळ बसलात. दुखणार नाही, असं एकदाही म्हणाला नाहीत. मांडीच्या आतल्या बाजूला, दुखणं कळवणाऱ्या नसेजवळ शेवईएवढी नळी ठेवू, तिच्यातून रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध जात राहील, गुडघ्याची पुढची बाजू शांत राहील. लवण, म्हणजे गुडघ्यामागची खळगी, मात्र दुखेल, तिला गोळ्या. लवण हा शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकला आणि आई तिथेच निम्मी तयार झाली.

ऑपरेशनच्या टेबलावर ती जागीच होती. सोनोग्राफीच्या पडद्यावर धडधडणारं काळं वर्तुळ दाखवून तुम्ही म्हणालात, ही तुमची रोहिणी, हिच्या शेजारी औषध सोडायचंय. हे ती आता शेजारपाजारी सगळ्यांना सांगते, जणू सुई तिनेच धरली होती.

मग त्या नळीला जोडलेला तो फुगा. प्लॅस्टिकच्या कवचात रबराची पिशवी, 270 मिली औषध, ताशी 5 मिली. वीज नको, बटण नको, रबर आपणच आकसतं आणि औषध ढकलतं. आईने तो मोबाइलच्या कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि त्याच संध्याकाळी वॉकर धरून दाराशी गेली. पाय कितीही ठीक वाटला तरी एकटीने उठायचं नाही, मांडी दगा देते, हे तुम्ही तिला तीनदा बजावलं होतं. तिने ते एकदाच मोडलं, नर्सने पकडलं.

रात्री दोनचा फोन मात्र माझा. कानात घणघण, ओठ बधिर, तोंडाला धातूची चव, या औषध रक्तात जास्त चढल्याच्या खुणा, यातलं काही झालं तर लगेच कळवा, असं तुम्ही सांगितलेलं. आई म्हणाली, तोंड कसंतरीच लागतंय. मी फोनवर रडलेच. तुम्ही आधी नर्सला नळी बंद करायला लावलीत, दहा मिनिटांत स्वतः आलात, नाडी, रक्तदाब, मॉनिटर सगळं बघितलंत. मग उशीखाली आवळासुपारीची पुडी सापडली. तुम्ही हसलाही नाहीत. थोडा वेळ थांबून नळी पुन्हा सुरू केलीत आणि नर्सला म्हणालात, "फोन केला ते बरंच केलं."

तिसऱ्या दिवशी नळी काढताना आईला कळलंही नाही. दुपारी औषध उतरलं आणि दुखलं, तुम्ही सांगितलं होतं तेवढंच. तेव्हा तिने तुमच्या नावाने एक अस्सल शिवी हासडली. तीही कळवायला तिनेच सांगितलंय.

तुमची ऋणी,
आवळासुपारीवाल्या आजींची मुलगी