घुंगरू ऐकू येतात, पाय दिसत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरी बसून पाहायच्या नव्या चित्रपटांचं, मालिकांचं आणि मैफलींचं परीक्षण येतं. मी ते नेमाने वाचतो. दोन आठवड्यांपूर्वी त्यात 1970 च्या आसपासच्या एका कृष्णधवल तमाशापटाची शिफारस होती. जुना चित्रपट नव्या झळाळीत घरी पाहता येईल, असं लिहून चार तारे दिले होते. कथा, नायिकेचा अभिनय, संगीत यांबद्दल जे लिहिलं होतं ते सगळं खरं. लहानपणी मी हा चित्रपट गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये तीनदा पाहिला होता, म्हणून त्याच रात्री आम्ही घरातले सगळे तो लावून बसलो.

पहिली लावणी सुरू झाली. ढोलकी कडाडली, घुंगरू वाजले आणि पडद्यावर नायिका गुडघ्याच्या जरा खालून कापलेली. पाय नाहीतच. तिने मान वर केली की कपाळही जायचं. त्या काळचा सिनेमा जवळपास चौकोनी असे, उंची एक धरली तर रुंदी 1.37. आताच्या टीव्हीची रुंदी 1.78. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवल्या असत्या तर चित्र अख्खं दिसलं असतं. पण पडदा भरलेला दिसावा म्हणून कुणीतरी चित्र मोठं केलं आणि वरचं-खालचं छाटलं. हिशेब केला तर उंचीचा जवळपास पाव भाग जातो. लावणीत हा पाव भाग कुठून जाणार? वरून पदर आणि खालून पाय! त्या नर्तकीने ज्यासाठी महिनोन् महिने तालीम केली असेल, नेमकं तेच आम्हाला दिसलं नाही.

माझी पत्नी गायन शिकवते. दुसऱ्या कडव्याला ती उठली, पेटी घेऊन आली आणि भाता मारून म्हणाली, "अहो, गाणं चढलंय. पेटीच्या काळी एक पट्टीत होतं हे, आता काळी एकही नाही आणि पांढरी दोनही नाही." याचंही कारण आहे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांच्या गतीने चालतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची, म्हणजे पाल पद्धतीची, गती 25 चित्रांची. पूर्वी व्हिडिओ टेप करताना चित्रपट सरळ त्या गतीने पळवत. चित्र पळालं की आवाजही पळतो आणि सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास पाऊण पट वर जातो. म्हणजे ही 'नवी झळाळी' मूळ फिल्मवरून आलेलीच नव्हती. कुठल्यातरी जुन्या टेपवरून प्रत उचलून, फिल्मवर दिसणारे बारीक दाणे पुसून, चेहऱ्यांना मेण फासल्यासारखं गुळगुळीत करून ती पुढे केली होती.

मग मला चैन पडेना. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं, तिथे चित्र थांबवलं. त्यावर लांबी लिहिलेली असते, 3,830 मीटर. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 27.36 मीटर धावते. भागून पाहा, 140 मिनिटं येतात. गती वाढल्यामुळे 134 झाली असतील, ते समजू शकतो. आमच्याकडे चित्रपट 122 मिनिटांत संपला. उरलेली बारा मिनिटं कुठे गेली ते मला ठाऊक आहे. दोन फडांमधला सवाल-जवाब त्यात नव्हता. टुरिंग टॉकीजमध्ये लोक ज्यासाठी नाणी फेकत, तोच.

परीक्षणात यातलं एक अक्षर नव्हतं. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मनापासूनची आहे. घरी पाहायच्या गोष्टीचं परीक्षण करताना चित्रपट कसा आहे हे सांगून अर्धंच काम होतं. जी प्रत आमच्या हाती दिली ती कशी आहे, हे सांगायला हवं.

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो? नागपूरच्या महाल भागात 1986 पासून 2009 पर्यंत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. पहिल्या वर्षीची गोष्ट. हिंगण्याहून एक गृहस्थ आले. घरी बारसं होतं. व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅसेट काउंटरवर ठेवून म्हणाले, "भाऊ, मायले त्या एका गाण्यासाठी गावावरून बोलावलं होतं. गाणंच नव्हतं." ते भांडले नाहीत, पैसे परत मागितले नाहीत. साधी कॅसेट तीन तासांची. चित्रपट त्याहून लांब असला की भरणारे लोक दोन गाणी उडवून मोकळे होत, आणि मी ती न पाहताच भाड्याने दिली होती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक कॅसेट आधी स्वतः पाहायला लागलो आणि रजिस्टरमध्ये शेऱ्याचा रकाना पाडला. ती रजिस्टरं अजून घरी आहेत. "फोटो साफ. दुसरं गाणं नाही." "शेवटची वीस मिनिटं खरखर." "जाहिरातीची पट्टी चेहऱ्यावरून फिरते." "कॅमेरा प्रिंट (थिएटरात चोरून टिपलेली), कुणालाही देऊ नये." पावसाळ्यानंतरच्या पानांवर "बुरशी, हेड (व्हीसीआरमधला टेप वाचणारा भाग) साफ करून लावणे" हा शेरा ओळीने दिसतो. बर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंतची माणसं यायची, पण कहाणी काय आहे असं फार थोडे विचारायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, प्रिंट कशी आहे?" ते अगदी योग्यच विचारत होते.

पुढे व्हीसीडी आली. एका तबकडीत साधारण 74 मिनिटं, त्यामुळे चित्रपट दोन-तीन तुकड्यांत, संवाद मध्येच तुटलेला. मग डीव्हीडी. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा भाड्याचा धंदा संपल्यात जमा झाला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. गरिबालाही सिनेमा विकत घेता आला, चांगलंच झालं. पण काउंटरवरचा माणूस गेला, तशी प्रत कशी आहे हे सांगण्याची सोयही गेली. ती जागा आता वर्तमानपत्रानेच घ्यावी.

नागपूरकरांना याची गरज जास्त आहे. सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख आजही सीपी-बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्हणून ओळखला जातो आणि मराठी चित्रपट इकडे उशिराने येतो किंवा येतच नाही, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यात आहे. पुणेकराला जुना चित्रपट पडद्यावर पाहण्याची संधी मिळते. आमच्यापासून पुणं सातशे किलोमीटर. आमच्यासाठी घरी आलेली प्रत हीच एकमेव प्रत. माझ्या नातवाला तो चित्रपट म्हणजे पाय नसलेली लावणीच वाटणार.

मैफलींच्या चित्रणाबद्दल तर फारच वाटतं. वसंतराव देशपांडे सभागृहात बसून ज्यांनी गाणं ऐकलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मध्यंतरी एका ख्यालगायनाची नवी तबकडी घेतली. विलंबित चाललेला, तबलजी तिहाई (तीनदा वाजवलेला तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतोय आणि नेमका त्याच क्षणी कॅमेरा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांवर. एकदा नाही, अकरा वेळा, मी मोजलं. वेष्टणावर गायकाचा मोठा फोटो होता. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, काही नाही. मैफल कुठल्या साली आणि कुठे झाली तेही नाही. साथीदाराचं नाव न छापणं हा अन्याय आहे. परीक्षकाने तो दाखवून द्यायला पाहिजे, आणि शक्य असेल तिथे ती नावं शोधून आपल्या पानावर छापायला पाहिजेत. आलाप पूर्ण आहे की मध्येच पुसून थेट बंदिशीवर आणलंय, हेही सांगावं. गाणं ऐकणारा माणूस तेवढ्यावरून ठरवतो, घ्यायचं की नाही.

मालिकांचं थोडक्यात सांगतो. दूरदर्शनच्या 'महाभारता'चे 94 भाग होते. संच घेणाऱ्याने आधी भाग मोजावेत, आणि परीक्षकानेही.

आणखी एक गोष्ट घरातली आहे. माझी मोठी बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला आता नीट ऐकू येत नाही. मराठी चित्रपट लावला की खाली इंग्रजी अक्षरं येतात. तिला इंग्रजी येत नाही. आयुष्यभर मराठी वाचलेल्या बाईला मराठी चित्रपटाचे संवाद मराठीत वाचायला मिळू नयेत? मराठी उपशीर्षकं आहेत की नाहीत, एवढे चार शब्द परीक्षणात आले तर अशा कितीतरी घरांत उपयोग होईल.

भाच्याने अमेरिकेहून सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या ब्लू-रे तबकड्या आणल्या होत्या. 1993 साली लंडनच्या आगीत मूळ निगेटिव्ह जळाल्या आणि त्यांतून वाचलेल्या फिल्मवरून दुरुस्त केलेली प्रत 2015 साली आली, ती ही. आमच्या खेळयंत्रावर लागेना. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेत आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नाही. त्या तबकड्या ए विभागाच्या, भारत सी विभागात मोडतो. शेवटी भाच्याचंच यंत्र इथे आणून पाहिलं. 'पथेर पांचाली'तल्या त्या म्हाताऱ्या आत्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. माझ्या लायब्ररीत याच चित्रपटाची कॅसेट होती आणि रजिस्टरमध्ये माझ्या हातचा शेरा आहे, "अंधार फार, चेहरे ओळखू येत नाहीत." इतकी वर्षं मला वाटत होतं, तो चित्रपटच अंधाराचा आहे.

म्हणून विनंती करतो की आपल्या सदरात ताऱ्यांच्या खाली प्रतीबद्दल एक परिच्छेद नेहमीसाठी ठेवावा. परीक्षकाने प्रमाणपत्रावरचे मीटर पाहावेत, घड्याळ लावावं, गाणी मोजावीत. त्यासाठी कुणी माणूस लागत असेल तर मी आणि माझी पत्नी आनंदाने बसू, मानधन नको. आणि त्या तमाशापटाची सवाल-जवाबासकट पूर्ण 140 मिनिटांची प्रत आपल्या वाचकांपैकी कुणाकडे असेल, मग ती कॅसेट का असेना, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. व्हीसीआर अजून चालू आहे, हेड मी कालच साफ केलंय.

आपला,
एक जुना वाचक
(पूर्वीचा व्हिडिओ लायब्ररीचालक), महाल, नागपूर