सव्वा महिना ‘नको’ म्हणायचं काम तुझं

प्रिय राजा,

अनेक आशीर्वाद. सूनबाई आणि बाळ सुखरूप घरी आले हे ऐकून जीव भांड्यात पडला. मला लगेच निघावंसं वाटतं, पण गावात सध्या बाळंतिणी आहेत. आशा सेविका म्हणून त्यांच्या घरभेटी अर्धवट टाकून येणं मला जमणार नाही. तोवर हे पत्र जवळ ठेव.

सूनबाईचं अंग दुखत असेल, झोप पुरत नसेल. येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला ‘नको’ म्हणायचं बळ तिच्यात कुठून येणार? ते काम तुझं. कोणी मध चाटवायला येईल, कोणी गुटी उगाळेल, कोणी म्हणेल, दोन चमचे पाणी पाज, घसा सुकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर औषध. मध तर वर्षभर नाही. त्यात एका जंतूची बीजं असू शकतात. ती तान्ह्याच्या आतड्यात रुजली की विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं. विहीणबाईंशी वाद घालू नकोस, त्यांची माया खोटी नाही. ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ एवढंच म्हण.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ उतरलेलं दिसेल. पहिल्या आठवड्यात वजन थोडं घटतंच. घट दहा टक्क्यांच्या आत असेल, तर दोनेक आठवड्यांत भरून निघते. पण नेमकं तेव्हाच कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूध पुरत नाही,’ आणि पावडरचा डबा घरात येतो. मग बाळ अंगावर कमी पितं, आणि कमी ओढलं की दूध खरोखरच कमी होतं. घरोघरी हेच बघते मी. त्यापेक्षा तू लंगोट मोज. पहिला आठवडा सरताना दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असले, तर पोट भरतंय. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. तिला उठून बसायला हात देणं, पाणी देणं, मग बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, हे तुझ्याकडे घे.

नाळेला काही लावायचं नाही, तेल नाही, हळद नाही. ती कोरडी राहू दे, आपोआप गळेल. डोळ्यांत काजळ नको. मोहरीची उशी प्रेमानं शिवलेली असली तरी झोपताना डोक्याखाली नको. बाळ पाठीवर, घट्ट गादीवर, आणि तोंडाजवळ दुपटं-गोधडी काही नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी तर अजिबात नको, तो धूर त्या इवल्या छातीत जातो. ऊब हवी तर टोपडं घाल, आणि सदरा काढून बाळाला उघड्या छातीशी धर, वरून पांघरूण घे. बापाच्या छातीचीही तेवढीच ऊब लागते. बाळाला घेण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे, आत्यानं आणि मामानंसुद्धा. बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब या लसींची नोंद कार्डावर बघून घे.

हे मी मनाचं सांगत नाही. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू तिथे 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आम्ही आशा आज ज्या घरभेटी देतो, त्या त्यातूनच आल्या.

आता श्वास मोजायला शीक. बाळ शांत असताना झबलं वर कर, घड्याळ हातात घे आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोज. तान्ह्यांचा श्वास एका लयीत नसतो, म्हणून अर्ध्या मिनिटावर दुप्पट करू नकोस. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोज. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, दूध पिणं सोडणं, मलूल पडणं, अंग तापणं किंवा गार पडणं, झटका येणं, नाळेतून पू येणं, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, यातलं एकही दिसलं तर मला फोन करून विचारत बसू नकोस. 108 ला फोन कर, उशीर होत असेल तर मिळेल ती रिक्षा पकड. बाळाला छातीशी धरूनच न्या, आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहा. मला मागाहून कळव.

तुझी,
आई